न उगवलेले घट

पाचव्या माळेला भर दुपारी रेखाताई मोहोड स्वतः दुकानात आल्या, तेव्हाच ज्योत्स्नाला कळायला हवं होतं की हे प्रकरण खताच्या बाटलीचं नाही. बाटली लागली की त्या माणूस पाठवायच्या. उन्हाची रुपेरी छत्री मिटून त्यांनी काउंटरवर आडवी ठेवली. ज्योत्स्नानं खुर्ची पुढं केली, ती त्यांनी पाहिलीच नाही.

"बसायला नाही आले. तनिष्काला दसऱ्याला घेऊन जा. कायमचं म्हणत नाही मी. पण देवीची शांत होईपर्यंत ती आमच्या देवघरात नको, स्वयंपाकघरात नको. मग घरात ठेवून तिचं करायचं काय?"

ज्योत्स्ना एका गिऱ्हाइकाच्या पंपाला नळी बसवत होती. नळी तशीच लोंबत राहिली. तनिष्का तिची भाची. मोठी बहीण वारल्यापासून पोरीला तिनंच पोटाशी धरलेलं, वैशाखात लग्नही तिनंच लावून दिलेलं. सासरचं हे पहिलं नवरात्र.

"केलं काय तिनं?"

"घट उगवला नाही."

एवढं बोलून रेखाताईंनी छत्री उचलली, जणू पुढं सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दारापर्यंत जाऊन मात्र वळल्या. "तुमच्या घरात परत येण्याची सवय आहेच म्हणा."

हा टोला ज्योत्स्नाला होता. ती स्वतः नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई. त्याला आता बरीच वर्षं झाली होती, पण असल्या गोष्टी गाव विसरत नाही. गावाला दुसरं लक्षात ठेवायला काही नसतं.

ही गोष्ट ज्या अकोल्यातली आहे ते अजून यायचं आहे, पण फार लांब नाही. तिथं उन्हाळा फाल्गुनात सुरू होतो आणि दिवाळीपर्यंत हलत नाही. गच्चीवरच्या कुंडीला दुपारी हात लावला तर चटका बसतो. मेथीचा वाफा सकाळी हिरवा असतो आणि संध्याकाळी त्याचा पापड झालेला असतो. म्हणून भाजी माणसासारखी घरात येऊन बसली. कपाटाएवढी पेटी, आत जांभळट दिव्यांच्या पट्ट्या, खाली पाण्याची टाकी, छोटा पंप, मातीऐवजी नारळाच्या काथ्याचा भुसा. पेटी हरिकिरण कंपनीची, दिवे हरिकिरणचे, बीसुद्धा हरिकिरणचं. हे सगळं ज्योत्स्नाच्या 'वानखडे घरबाग साहित्य' या दुकानात मिळायचं. वर ट्रे, जाळीच्या कुंड्या, पंखे, टायमर, पाण्याचा आंबटपणा मोजायच्या पट्ट्या. शहरातल्या निम्म्या पेट्या तिनं स्वतः बसवून दिलेल्या.

आणि धान्य? गोदामांत किडीनं थैमान घातल्यापासून गहू, मूग, ज्वारी सगळं गरम वाफेतून काढूनच बाजारात यायचं. खायला झकास. पेराल तर नुसतं कुजेल. त्यामुळं शहरात जिवंत बी म्हणजे कंपनीच्या पाकिटातलं बी, दुसरं नाहीच. कोवळे कोंब खाण्यासाठी कंपनी गव्हाचं, मुगाचं, ज्वारीचं पाकीट विकायची आणि तीच पाकिटं फोडून नवरात्रात घरोघर घट बसायचे. परडीत काळी माती, त्यात धान्य, मध्ये पाण्याचा घट, वर रोज एक माळ, शेजारी तेलाचा अखंड दिवा. अंधाऱ्या देवघरात पिवळे कोंब वर यायचे. घट जितका दाट, तितकी त्या घराची मान ताठ.

रेखाताईंचा घट दरवर्षी दाट यायचा. देवघर तेच, माती त्याच वावरातली, पाकीट त्याच कंपनीचं. या वर्षी फक्त हात नवा होता. धान्य सुनेनं पेरलं होतं.

ज्योत्स्नानं दुकानाला कुलूप घातलं आणि तडक मोहोडांचं घर गाठलं.

तनिष्का बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. घरात जागा नसल्यासारखी. मावशी दिसताच पहिलं वाक्य बोलली ते असं, "मावशी, मी हात धुतले होते."

"कोणी म्हटलं नव्हते धुतले?"

"कोणीच नाही. तेच तर. विचारतच नाहीत. नुसतं पाहतात."

तिचा नवरा अथर्व दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याला काहीतरी म्हणायचं होतं हे स्पष्ट दिसत होतं आणि तो म्हणणार नाही हेही तितकंच स्पष्ट दिसत होतं. असे नवरे महाराष्ट्रात मुबलक पिकतात. त्यांना कोणताही दिवा लागत नाही.

ज्योत्स्नानं घट पाहायचा म्हटल्यावर रेखाताईंनी आडवं यायचं नाटक केलं, पण आल्या नाहीत. देवघरात तेलाच्या उजेडात परडी दिसली. माती ओली, काळीभोर आणि बोडकी. एक कोंब नाही. ज्योत्स्ना खाली बसली आणि बोटानं माती उकरून तिनं गव्हाचा एक दाणा काढला.

"घट हलवत नसतात," रेखाताई मागून म्हणाल्या.

"मी हलवत नाही. बी पाहतो."

तिनं दाणा नखावर घेतला, नाकाजवळ नेला. मेलेलं बी कुजतं, त्याला आंबूस वास सुटतो, दाबलं की पांढरं पीठ बाहेर येतं. हे तसलं नव्हतं. पाणी पिऊन टम्म फुगलेलं, वास स्वच्छ मातीचा, टोकाशी पांढुरका ठिपका. जिवंत होतं. तोंड मिटून बसलं होतं. ज्योत्स्नानं आणखी एक दाणा काढला, मग मुगाचा, मग ज्वारीचा. सगळ्यांची तीच तऱ्हा.

आता खरं सांगायचं तर रेखाताईंचा हिशेब अगदीच खुळा नव्हता. सगळं तेच असताना एक गोष्ट बदलली आणि निकाल बदलला, तर दोष त्या बदललेल्या गोष्टीचा. प्रयोगशाळेतही असंच धरतात. फक्त आणखी काय बदललं हे आधी शोधतात. आपल्या घरांत ते शोधायची पद्धत नाही. सून समोर असते, ती पुरते.

हरिकिरणचा विभागप्रमुख पराग कुलथे दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आला. सणाच्या दिवसांत तो जिल्ह्यातली दुकानं फिरायचा. पोरगा वाईट नव्हता. वनस्पतिशास्त्र शिकलेला, बोलायला गोड, 'मॅडम' म्हटल्याशिवाय वाक्य सुरू न करणारा. ज्योत्स्नानं रुमालातले दाणे त्याच्यासमोर ठेवले आणि विचारलं की हे उगवत काऊन नाहीत.

कुलथेनं दाणे पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. आपल्या पोराचा पेपर कोणी वाचायला मागावा तसा.

"अंधारात ठेवले होते ना? मग कसे उगवतील, मॅडम? हे नवे आहेत."

मग त्यानं समजावून सांगितलं, आणि झकास सांगितलं. कित्येक बियांना एक प्रकारचा डोळा असतो. डोळा म्हणजे एक प्रथिन. उन्हातला तांबडा उजेड पडला की ते एका बाजूला वळतं आणि बीला कळतं, वर आभाळ मोकळं आहे, उठा. दाट सावलीतला, डोळ्याला जेमतेम दिसणारा गडद तांबडा उजेड पडला की ते परत फिरतं, बी म्हणतं, वर गर्दी आहे, झोपा. जंगलातलं बी वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं ते याच्याच भरवशावर. गव्हाला, मुगाला ही भानगड नसते, ते अंधारातही उगवतात. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यांच्यात हा डोळा वेगळ्या तऱ्हेनं बसवला. साधा उजेड त्याला पुरत नाही. हरिकिरणचा दिवा आपल्याला सलग जळताना दिसतो, पण तो एका ठरावीक तालात लुकलुकत असतो, इतक्या वेगानं की माणसाच्या डोळ्याला कळू नये. तो ताल बीनं ओळखला की आतला ब्रेक सुटतो. ताल मिळाला नाही तर बी पाणी पिऊन नुसतं वाट पाहत राहतं.

"म्हणजे बीला कुलूप," ज्योत्स्ना म्हणाली.

"आम्हीही त्याला प्रकाशकुलूपच म्हणतो," कुलथे हसला. "किल्ली दिव्यात."

हे कधीपासून, तिनं विचारलं. याच मोसमापासून, सगळ्या पाकिटांत. मग दुकानदाराला सांगितलं का नाही? सांगितलंय की, पाकिटावर छापलंय, 'सर्वोत्तम परिणामांसाठी हरिकिरण दिवाच वापरा.' लोक काय करतात मॅडम, बी आमचं घेतात आणि खिडकीत भलत्याच दिव्याखाली लावतात. मग संशोधन कोणाच्या जिवावर करायचं?

ज्योत्स्नानं त्याला तनिष्काचं सांगितलं. तो मनापासून हळहळला. मग म्हणाला, "पण ती अंधश्रद्धा झाली, मॅडम. त्याला आम्ही काय करणार?"

तो खरं बोलत होता. म्हणूनच ज्योत्स्नाला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. घाव एकानं घालायचा, जखमेत माती दुसऱ्यानं भरायची, आणि विचारलं तर दोघं एकमेकांकडं बोट दाखवणार. मध्ये पोरगी खुर्चीवर.

"मी हे लोकांना सांगणार."

कुलथेचं हसू आटपलं. विक्रेत्यानं बीच्या रचनेबद्दल गिऱ्हाइकांशी बोलायचं नाही असं करारात होतं. तो धमकी देत नव्हता, तशी त्याची पद्धतच नव्हती. तो फक्त आठवण करून देत होता की माल वरून येतो आणि दुकानातले हरिकिरणचे दिवेसुद्धा वरूनच, कंपनीतूनच चालतात.

"आणि सांगून ऐकणार कोण, मॅडम?"

हे मात्र त्यानं मुद्द्याचं विचारलं. सांगून कोणी ऐकलं नसतं. रेखाताईंना प्रथिनाचं पुराण ऐकवायला गेलं तर त्या म्हणणार, मावशी आहे, भाचीची बाजू घेणारच. दाखवायला हवं होतं. आणि कुलूप सगळ्याच पाकिटांत असेल तर न उगवलेला घट एकट्या मोहोडांकडं कसा असेल? शहरात ते शेकड्यांनी असणार. मग बोंब का नाही झाली? कारण न उगवलेला घट कोणी दाखवत नाही. तो झाकून ठेवतात आणि घरातलीच एखादी बाई शोधतात.

त्याच दुपारी दुकानाच्या दाराशी पाटी लागली. ज्यांचा घट उगवला नाही त्यांनी तो इथं आणावा, नाव विचारलं जाणार नाही.

संध्याकाळपर्यंत कोणी फिरकलं नाही. लोक पाटी वाचायचे आणि चाल वाढवायचे. समोरचा पानवाला बंडू हिवराळे रस्ता ओलांडून आला आणि हितोपदेश करून गेला, "ताई, अशानं कोणी येते काय? उद्या तुम्ही पाटी लावसान, ज्याच्या घरी भांडण झालं त्यानं या म्हणून."

"तुह्या घरचा उगवला काय रे?"

बंडू रस्ता ओलांडून परत गेला. थोड्या वेळानं पुन्हा आला, तेव्हा त्याच्या हातात वर्तमानपत्रानं झाकलेली परडी होती. त्याच्या घरी दोष आईवर गेला होता. ती विधवा, आणि माती तिनं चाळली होती.

एक आला म्हटल्यावर मग धीर सुटला म्हणा की धीर आला म्हणा. कोणी स्कूटरच्या डिकीतून आणला, कोणी ओढणीखाली. एका घरात दहावीतल्या पोरीची पाळी तिसऱ्या माळेला आली होती, तिला मामाकडं धाडून दिलं होतं. एका घरात नवी कामवाली. एका घरात जाऊ, जिला मूल नव्हतं. एक निवृत्त मास्तर मात्र वेगळे निघाले. त्यांनी दोष स्वतःवर घेतला होता, कारण त्यांनी चोरून अंडं खाल्लं होतं आणि हे बायकोला अजून माहीत नव्हतं. ते परडी ठेवून जाताना तीन वेळा म्हणाले की नाव विचारणार नाही असं पाटीवर आहे.

मोहोडांचा घट नव्हता. ज्योत्स्नाला तोच हवा होता आणि तोच ती मागू शकत नव्हती.

तो तनिष्कानं आणला. सकाळी आरती चालू असतानाच ती देवघरात गेली, सगळ्यांच्या देखत तिनं परडी उचलली आणि बाहेर चालू लागली. नऊ दिवस जो घट हलवायचा नाही, तो. रेखाताईंच्या हातात आरतीचं ताट होतं, ते खाली ठेवेपर्यंत ती दाराबाहेर होती. अथर्व तिच्या मागं धावला. सगळ्यांना वाटलं अडवेल. त्यानं गाडीचं दार उघडून दिलं. एवढंच केलं, पण त्या घरात तेवढंही आजवर कोणी केलं नव्हतं.

"आता हे नाही उगवलं तर मी मेली, मावशी," परडी काउंटरवर ठेवत तनिष्का म्हणाली.

"नाही उगवलं तर दुकानाले आग लावतो," ज्योत्स्ना म्हणाली. "पण उगवते."

दर्शनी काचेमागची सगळी पेट्यांची रांग रिकामी करून तिनं परड्या ओळीनं मांडल्या आणि हरिकिरणचे दिवे लावले. जांभळा उजेड रस्त्यावर पडला. बी तर पाणी पिऊन तयारच बसलेलं होतं. आठव्या माळेला माती ठिकठिकाणी भेगाळली. नवमीच्या दुपारी मुगानं मान वर काढली, मागोमाग गहू. नुसता एकाच परडीत नाही, सगळ्या परड्यांत, एकदम, कवायतीला उभं राहिल्यासारखा. विधवेचा, पाळी आलेल्या पोरीचा, वांझ म्हणून हिणवलेल्या जावेचा आणि अंडं खाल्लेल्या मास्तरांचा.

काचेसमोर गर्दी लोटली. ज्योत्स्ना फळीवर चढून उभी राहिली आणि तिनं कुलुपाची गोष्ट सांगितली, कुलथेनं सांगितली तशीच, पण त्याच्या हसण्याशिवाय. बी झोपलं नव्हतं, झोपवलं होतं. कोणत्याही बाईच्या हाताचा, पाळीचा, कुंकवाचा याच्याशी संबंध नाही. ज्यांनी आपापल्या घरात जे बोलायचं ते बोलून घेतलं त्यांनी घरी जाऊन ते परत घ्यावं. गर्दीत कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बंडूची आई पुढं आली, आपली परडी ओळखली, कोंबांवरून उलटा हात फिरवला आणि पोराकडं नुसतं पाहिलं. बंडू चुना मळत राहिला.

रेखाताईही आल्या. काचेला नाक लावून त्यांनी आपली परडी न्याहाळली. दाट होती. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे दोष दिव्याचा होता."

"हो."

"मग संपलं. चल तनिष्का. येताना एक दिवा घे, देवघरात लावू."

आणि तिथंच, त्या क्षणी, कुलथे कॅमेरावाला घेऊन गर्दीतून आत शिरला. ज्योत्स्नाला वाटलं आता भांडण. तो तर दोन्ही हात जोडत आला. मॅडम, तुम्ही कमाल केली. वरचे लोक बेहद्द खूश आहेत. करार मोडल्याचं विसरा. पुढच्या नवरात्रात कंपनी खास घटासाठी दिवा काढणार, 'घटदीप', प्रत्येक देवघरात. देवीचा कोंब हरिकिरणच्या प्रकाशात. या काचेसमोरचं चित्रीकरण जाहिरातीत वापरू, तुम्हीच बोला, तुमच्याच शब्दांत. आणि या सूनबाई ना? यांनाही घेऊ.

ज्योत्स्ना फळीवरून उतरली. तिच्या डोक्यात ऊन शिरल्यासारखं झालं. जिंकली होती ती, आणि जिंकून तिनं कंपनीची किल्ली घराघरांत पोचवली होती. आजवर कुलूप फक्त भाजीच्या पेटीत होतं, उद्या ते देवघरात जाणार, आणि लोक रांगा लावून नेणार, कारण आता कोणाच्या सुनेवर आळ येऊ नये हा सवाल होता. भीती जशीच्या तशी ठेवून तिच्यावर टोपण बसवून विकायची, यालाच धंदा म्हणतात.

पण बोलली ती तनिष्का. सासूकडं पाहून बोलली, कुलथेकडं नाही.

"आई, मी येत नाही."

"आता काय राहिलं?"

"उद्या दिवा बिघडला, तर पुन्हा मीच ना?"

रेखाताईंनी दिव्याचे पैसे काढले होते, ते परत आत ठेवले. त्या घरातल्या भल्याभल्यांना पंचवीस वर्षांत त्यांना असं मागं फिरवणं साधलं नव्हतं.

"दिव्यानं सांगितलं म्हणून मी चांगली, अशी मला राहायचं नाही," तनिष्का म्हणाली. "दिवा नसतानाही चांगली होते. ते तुम्हाला जेव्हा पटेल तेव्हा पटेल." मग ती कुलथेकडं वळली. "आणि दादा, तो कॅमेरा बंद करा."

कॅमेरा बंद झाला. ज्योत्स्नानं काचेवरचं हरिकिरणचं चकचकीत नाव नखानं खरवडायला घेतलं. निघायला वेळ लागला, चांगलं चिकटवलेलं होतं. कुलथे पाहत राहिला, मग म्हणाला की तुम्ही रागात आहात, दोन दिवस विचार करा. तिनं खरवडणं थांबवलं नाही. तो गेला आणि संध्याकाळ व्हायच्या आत काचेमागचे सगळे दिवे एकाच वेळी विझले. वरून चालतात म्हणाला होता, वरूनच बंद झाले. मालाची गाडी पुन्हा आली नाही.

दसऱ्याला लोकांनी आपापले कोंब नेले, टोप्यांत खोचले, केसांत माळले. दुकानात उरले ट्रे, पंप, नळ्या, भुशाच्या गोण्या, आणि पेरायला एक दाणा नाही. बीशिवाय बागेचं सामान म्हणजे नवरीशिवाय मांडव. ज्योत्स्ना रिकाम्या फळ्यांसमोर उभी राहून मोठ्यानं विचार करत होती. तालुक्यातल्या गावांत जिवंत धान्य कोणाकडं असेल? जुन्या लोकांकडं? धान्याच्या कणग्या तर कधीच मोडल्या. सगळे वाफेचा गहू खातात.

तनिष्का ट्रे पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "मावशी, लग्नात माझी ओटी तू कशानं भरली होतीस?"

ज्योत्स्ना वळली.

बहिणीच्या वावरातला बन्सी गहू. कोरडवाहू, लांब दाण्याचा, काळ्या मातीतला. बहीण गेल्यावर ते वावर सौर पट्ट्यांखाली गेलं, आता तिथं गवतही उगवत नाही. शेवटचं एक गाठोडं ज्योत्स्नाकडं होतं, त्यातलाच गहू तिनं पोरीच्या ओटीत घातला होता, आईचा आशीर्वाद म्हणून. बाकीचा केव्हाच दळून संपला.

"ओटीचं धान्य जिचं तिनं खायचं असते. तू खाल्ला असशीन ना?"

"नाही खाल्ला." तनिष्कानं सासरहून आलेल्या बॅगेतून खणात बांधलेली गाठ काढली. "खाल्ला असता तर संपला असता. कधी कधी गाठ सोडून नुसता वास घेत होते."

खण काउंटरवर सोडला. ओंजळभर गहू. त्यात हळकुंड, सुपारी आणि वाळून खडखडणारी एक खोबऱ्याची वाटी. शहरभर शोधून मिळालं नसतं ते बी मोहोडांच्या घरात, ज्या पोरीच्या हाताला दोष लावला तिच्याच बॅगेत, सगळा वेळ पडून होतं.

गव्हाची एक खोड चांगली असते. तो बहुतेक स्वतःच्याच फुलात स्वतः फळतो, परक्या परागाची वाट पाहत नाही. म्हणून कंपनीनं विक्रीआधी चाचणीसाठी आसपास कुलपं कितीही पिकवली असली तरी त्या ओंजळीत कुलूप शिरलेलं असण्याची शक्यता फार कमी. पण शक्यता आणि खात्री यांत फरक असतो. बी जुनं होतं, उन्हाळा खाल्लेलं होतं. मेलं असलं तर बहिणीच्या हातचं हे शेवटचं होतं, तेही मातीत जाणार.

"अर्धा पेरू," ज्योत्स्ना म्हणाली. "अर्धा राहू दे."

"पेरायचा कुठं? दिवे तर गेले."

"दिवा कायले पाहिजे? गहू आहे तो."

परडीत काळी माती घेतली. दाणे तनिष्कानं टाकले, एकेक करून नाही, आजी टाकायची तशी मुठीनं. वरून मातीचा हलका थर, पाणी, आणि त्यावर उलटं घमेलं. पूर्ण अंधार. मग पोरगी रोज तिथं जाऊन उभी राहायची, घमेल्याला हात न लावता. अथर्व रोज येऊ लागला. पहिल्या दिवशी उभा राहिला, दुसऱ्या दिवशी बसला, तिसऱ्या दिवशी ज्योत्स्नानं त्याच्या हातात पाना दिला आणि पेट्यांतले कंपनीचे दिवे काढून साध्या पांढऱ्या उजेडाच्या नळ्या बसवायला लावल्या. कोंब आला तर त्याला पुढं ओंबीपर्यंत न्यायचं होतं. पेट्या, पंप, पंखे यांचा काही गुन्हा नव्हता. त्यांना गहू काय आणि मेथी काय.

कोजागिरीच्या सकाळी बंडूची आई, मास्तर, ती दहावीतली पोरगी असे बरेच जण दुकानात आले. कोणी बोलावलं नव्हतं. कळलं होतं. तनिष्कानं घमेल्याच्या काठाला हात घातला आणि क्षणभर तशीच थांबली.

"उचल वं," बंडूची आई म्हणाली. "अमावास्येची वाट पाहतेस काय?"

घमेलं उचललं.

पिवळे. बोटाएवढे, नाजूक, पिवळेधमक कोंब, दाटीवाटीनं, एकमेकांवर रेललेले. उजेडाचा एक कणही न पाहिलेले. काही ठिकाणी माती रिकामी होती, तिथलं बी खरंच मेलं होतं. उरलेलं कोणालाही न विचारता उगवलं होतं.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. ज्योत्स्नाला बहिणीचा आवाज ऐकू आला वगैरे काही नाही. ती म्हणाली, "घ्या, ट्रे उचला, उन्हं वाढायच्या आत लावून घेऊ," आणि बाह्या सरसावल्या.

लावणी चालू असताना रेखाताई दारात आल्या. या वेळी छत्री त्यांनी बाहेर ठेवली आणि खुर्चीवर बसल्या. पुढं वाकून पिवळे कोंब पाहू लागल्या. असे त्यांनी पोरवयात, आजोळच्या देवघरात पाहिले होते, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. मग सुनेकडं न पाहता म्हणाल्या, "पुढच्या नवरात्राला आमच्यासाठी थोडा ठेवशील?"

दुकानात सगळ्यांचे हात थांबले. ओटीचं धान्य दुसऱ्याला द्यायचं नसतं. हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं आणि रेखाताईंना सगळ्यांत जास्त.

तनिष्कानं खणातल्या उरलेल्या गव्हातून चिमूटभर घेतला. माती लागलेल्या हातानंच सासूच्या पदरात टाकला.

"घ्या. पण एक ठरवून न्या, आई. उगवला तर माझा गुण नाही." ती पुन्हा ट्रेकडं वळली. "आणि नाही उगवला, तर बी पाहायचं. बाई नाही."

रेखाताईंनी पदराला गाठ मारली. मग उठल्या, आणि पाण्याची झारी कुठं ठेवलीये ते विचारलं.